विहिणींची लढाई

मंगळावरच्या बर्फावर यंदा कोणत्या वसाहतीचा हक्क, हे जेवणाआधी ठरायचं होतं. करारानुसार लढाई आता फक्त पडद्यावरच्या खेळात व्हायची. कमलजाबाई खेळायला बसल्या. समोरची अजस्र युद्धनौका त्यांच्या लेकीच्या सासूबाई, शैलाताई, चालवत होत्या.

कमलजाबाईंकडे नुसत्या छोट्या, चपळ नौका. गेल्या खेपेला त्यांनी त्या सगळ्या एकदम समोरून घातल्या आणि सगळ्या गमावल्या. यंदा त्यांना शाळेतला खो-खो आठवला. एक नौका पाठलाग करायची आणि तोफा तिच्याकडे वळल्या, की ती गप्प बसलेल्या दुसरीला खो देऊन बाजूला व्हायची. शैलाताईंचं धूड वळून वळून मेटाकुटीला आलं. शेवटच्या खोला त्याचं इंजिन फुटलं.

पडद्यावर शैलाताईंचा चेहरा उमटला.

"मी मुद्दाम हरले नाही हं, विहीणबाई," त्या फणकारल्या. मग हसल्या. "सूनबाईला उद्या बाळंतपणाला पाठवते. पाण्याची सोय झालीय तुमची."

कमलजाबाईंनी डोळे पुसले. ज्या बर्फापायी दोघींचे वडील खऱ्या लढाईत गेले होते, त्याच बर्फाच्या पाण्यानं आता दोघींच्या नातवंडाला पहिली आंघोळ घालायची होती.