वरच्या वाडीची वही

घाटाच्या तिसऱ्या पायरीवर मेघनाच्या चपलेखाली काहीतरी मऊ चिरडलं. काय ते तिने वाकून पाहिलंच नाही. हरिद्वारला आल्यापासून तिला कशाकडेच नीट बघवत नव्हतं. पायऱ्यांवर चिखल, ओल्या कपड्यांचे पिळे, उष्ट्या पत्रावळी, आणि त्या सगळ्यापुढे उभा राहून रील काढणारा नवरा. डोंबिवलीहून गाडी काढली त्याला आज सहावा दिवस. सुमितने सकाळपासून पाच ठिकाणं उरकली होती आणि पाचही ठिकाणी कपाळ पुढे करून गंध लावून घेतलं होतं.

"अगं, सगळेच लावतायत. आपण कशाला वेगळं दिसायचं?"

छत्रीखाली बसलेल्या पंड्याने त्यांचं बोलणं ऐकूनच त्यांना हेरलं. "महाराष्ट्र से? कौन जिला, कौन गाँव? आडनाव?" सुमितने जिल्हा सांगितला, तालुका सांगितला, गाव सांगितलं. आडनाव सकपाळ. पंडा लगबगीने मागच्या खोलीत गेला आणि लाल कापडात गुंडाळलेली एक लांबोडकी वही घेऊन आला. "आइए, बैठिए. आपके सारे पुरखे इसमें हैं."

सुमित बसला, मेघना शेजारी टेकली. गावात सकपाळ दोन. वरच्या वाडीतले मराठा आणि ओढ्यापलीकडचे बौद्ध. ओढ्यापलीकडचं कोण कधी इथवर येऊन ह्या वहीत नाव लिहिणार होतं? तिने सुमितचा शर्ट मागून ओढला.

"ऊठ. ही आपली माणसं नाहीत."

"मी काय खोटं बोललो?" तो हळूच म्हणाला. "आडनाव खरं, गाव खरं. पुढचं त्याने धरून घेतलं, त्याला मी काय करू? बस ना यार, गंमत आहे. इथे कोण ओळखतंय आपल्याला?"

पंडा बोट फिरवत वाचायला लागला. "मालोजी. उनके पुत्र राघोजी पाटील. राघोजी के तीन पुत्र..."

राघोजी! मेघनाच्या सासऱ्यांच्या, चांगदेवांच्या, डाव्या कानामागे खोकेचा वण होता. विहिरीत घागर सोडली म्हणून सहा वर्षांच्या पोराला राघोजी पाटलाने दगड हाणला होता. पुढे वागळे इस्टेटमध्ये जन्मभर लेथवर उभं राहून चांगदेवांनी मुलाला इंजिनीअर केलं, पण ते नाव शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी राहिलं. सुमितने ते लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं.

सुमितने वहीला हात जोडले. "हां, हां. हमारे परदादा."

मेघनाला नवऱ्याची शिसारी आली. घाटावरच्या घाणीची आली नव्हती इतकी, अगदी घशाशी येईल इतकी. दहा वर्षांच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली होती, अबोले झाले होते, पण ह्या माणसाच्या शेजारी बसू नये असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"पिताजी का शुभनाम?"

"चांगदेव. पिछले साल गुजर गये."

राघोजीच्या नातवंडांच्या रांगेत पंड्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं, स्वर्गीय चांगदेव. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. खाली सुमितचं नाव लिहिलं आणि मान वर केली. "बहू का नाम?"

"मेघना," सुमितने सांगून टाकलं.

"मत लिखिए," मेघना म्हणाली. "मैं इस घर की नहीं हूँ."

पंडा गोंधळला. "आप इनकी पत्नी नहीं हैं?"

"मेघना, प्लीज. तमाशा नको," सुमित दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळून नाकावर आलं होतं.

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मैं चांगदेव सकपाळ की बहू हूँ. आपके इस राघोजी ने जिसको कुएँ पर पत्थर मारा था, उस चांगदेव की."

पंड्याची लेखणी हवेतच राहिली. त्याने ओल्या शाईकडे पाहिलं, मेघनाकडे पाहिलं, आणि मग वही आणि तिच्या मध्ये खाली मान घालून बसलेल्या यजमानाला त्याने अगदी साधेपणाने विचारलं,

"फिर आप किसके बेटे हैं?"