विनावापर जंगल

बाईनं नकाशावर थुंकायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. "खोटं आहे हे!" ती इंग्रजीत ओरडली आणि तिनं कागद टेबलावर भिरकावला. सुमेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्याहून येऊन तीन वर्षं बर्लिनच्या इन्स्टिट्यूटमध्ये डोळे फोडून तिनं हा नकाशा केला होता. महिन्याभरात त्यावर तिची पीएचडी सादर व्हायची होती. आणि ही कोण कुठली इंगा येऊन खोटं म्हणते!

इंगा फिनलंडच्या उत्तर टोकाची, सामी आदिवासी. रेनडिअर पाळणारी. तिच्या भागातलं जुनं जंगल तोडून त्याचा कागद जर्मनीत यायचा होता. नकाशात ते जंगल पिवळं होतं. पिवळं म्हणजे विनावापर. २००५ सालच्या या बैठकीत कागद कंपनीच्या साहेबाला तेवढंच हवं होतं. तो "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', करत मान डोलवत होता.

"तिथं ना घर, ना रस्ता, ना एक जनावर," सुमेधा तोऱ्यात म्हणाली. "विमानातून काढलेले फोटो आहेत माझ्याकडे."

"कधीचे?"

"जुलैचे. हिवाळ्यात बर्फाखाली काय दिसणार?"

इंगा हसली. ते हसू तिच्या ओरडण्याहून वाईट होतं.

"जुलैत आम्ही कळपाबरोबर उघड्या डोंगरांवर असतो. बर्फ कडक झाला, जनावरांना तो उकरता येईना, की या जंगलात येतो. म्हाताऱ्या झाडांवर दगडफूल लोंबतं, त्यावर कळप तगतो. माझ्या भावानं ट्रकचा चारा घालून पाहिला. जनावरं आजारी पडली. मग माझी मुलगी हेलसिंकीची नोकरी सोडून आली, तिनं कळप या जंगलात आणायची आजोबांची रीत पुन्हा सुरू केली. आता तोडा तुम्ही झाडं!"

वरून काढलेल्या फोटोत दगडफूल दिसत नाही. सुमेधानं तीन वर्षांत त्या जंगलात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. तिथल्या एकाही माणसाला काही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच चीड आली.

"हा नकाशा मी मागे घेते," ती म्हणाली.

शेजारी बसलेले तिचे गाइड श्यामकांत सर मराठीत खेकसले, "अगं, डोकं फिरलंय का? थीसिस सबमिट करायचाय ना? आधी त्या बाईकडे पुरावा माग!"

"सर, मे महिन्यात आपण गावी गेलो आणि कुलूप बघून कुणी आपलं घर पाडायला घेतलं, तर पुरावा आपण द्यायचा?"