डोळे सरावेपर्यंत

डावं बटण म्हणजे पहिल्या वेळी दिसलं. उजवं म्हणजे दुसऱ्या वेळी.

दातांत धरायच्या साच्याला मेणाची चव असते. डोकं हलू नये म्हणून तो चावून धरायचा. मग बोलता येत नाही.

लहानपणी घरी, कुलपात किल्ली एका फटक्यात फिरली तर पळत जायचं, आईच्या हातातली पिशवी घ्यायची. किल्ली नुसतीच वाजत राहिली तर पुस्तक उघडून मान खाली घालायची. सहा वर्षांच्या मुलीला हे जमतं.

मिणमिणत्या दिव्यातून प्रकाशाचा कधी एक कण येतो, कधी दोन, कधी एकही नाही. प्रयोगातल्या स्फटिकातून मात्र कण जोडीने निघतात. एक मोजणीच्या यंत्रात पडतो, तिथे नोंद होते. तेवढ्यावरून कळतं की त्याचा जोडीदार डोळ्याकडे निघाला. मोजून एक. त्याच्या खाली नुसता अंधार.

प्रयोगशाळेतली पोरं प्रयोग करणाऱ्या बाईंना पाठीमागे ‘काळोखबाई’ म्हणतात.

बाईंची मुलगी, आता मोठी झालेली, अंधाऱ्या खोलीत बसली होती. साचा दातांत, अंगठे दोन बटणांवर. डोळे अंधाराला सरावले होते, म्हणजे सरावले असं मानायचं होतं. एक बीप झाली, मग दुसरी. दोहोंपैकी एकाच बीपेसोबत कण येतो. कोणत्या, ते सांगायचं. तिने डावं दाबलं. पुढच्या वेळी उजवं. मग पुन्हा उजवं, कारण डावं मघाशी दाबून झालं होतं.

आई दोन दारांपलीकडे होती. एरवी ती मुलीच्या पाठीमागे खुर्ची टाकून, झाकलेल्या स्क्रीनच्या फटीतून मोजणी बघत बसायची. पण छापण्याआधी तिचा शोधलेख तपासणाऱ्याने हरकत घेतली होती: प्रयोग करणारी व्यक्ती खोलीत नको. ‘मोठा शहाणा लागून गेलाय,’ असं म्हणत आईने सकाळी खुर्ची बाहेर नेली होती.

दार उघडलं. छोटा लाल दिवा लागला. आईने स्क्रीनच्या फटीतून मोजणी बघितली.

“झोपलीस का गं?”

मुलीने साचा काढला, हनुवटीवरची लाळ पुसली. “नाही.”

“मग हे काय चाललंय? नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. पोरांचं समजू शकते, ती ठोंबी आहेत, त्यांना जेवणाच्या डब्याखेरीज काही दिसत नाही. तुला दिसतं. रोज दिसत होतं.”

“आई, बस ना जरा.”

“बसायला वेळ कुणाला आहे? सोमवारी उत्तर द्यायचंय त्यांना. माणसाच्या डोळ्याला एक कण दिसतो, एक, हे म्हणतेय मी. दहा-बारा वर्षं घातली आहेत यात. आणि ते सगळं आता तुझ्या एकटीच्या डोळ्यांवर उभं आहे.”

“मला एकदाही काही दिसलं नाही.”

आईने खाली वाकून बटणांची वायर चाचपली. एक पिन काढून पुन्हा बसवली.

“वायर बरी आहे,” मुलगी म्हणाली. “तू मागे असलीस की मला कळायचं. तिकडे नोंद झाली की तू श्वास धरतेस. पहिल्या बीपेला धरलास तर मी डावं दाबायचे. दुसऱ्या बीपेला धरलास तर उजवं.”

“मुद्दाम?”

“नाही गं. मला वाटलं, यालाच दिसणं म्हणत असतील. आज तू बाहेर गेलीस तेव्हा समजलं.”

आईने हातातली वायर खाली सोडली. लाल उजेडात तिचा चेहरा ओळखीचाही होता आणि नव्हताही. मुलगी थांबून राहिली. तिला वाटलं, आता आई विचारेल, कधीपासून ऐकतेस तू माझा श्वास?

“किती लांबून?” आईने विचारलं.

“काय?”

“किती लांबून ऐकू येतो? खुर्ची दारापाशी नेली तर? तोंडाला जाड रुमाल बांधला तर?”

“शेजारच्या खोलीत असलीस तरी कळतं मला. आज मधे दोन दारं होती म्हणून कळलं नाही.”

“म्हणजे कान,” आई म्हणाली. “डोळ्यांचा संबंधच नाही.”

“कान म्हण हवं तर.”

आई स्क्रीनपाशी गेली. वरचं काळं कापड तिने बाजूला केलं. खोलीत पांढरा उजेड पसरला आणि मुलीने हाताने डोळे झाकले. आईने यादीतली मुलीची एकूण एक मोजणी निवडली आणि समोर ‘वगळले’ असं टाइप केलं. उरली ती पोरांची मोजणी. निम्मं बरोबर, निम्मं चूक. आई कुठेही टेकली नाही, उभीच राहिली.

“सांगितलंस ते बरं केलंस,” ती पाठमोरीच म्हणाली. “नाहीतर छापून आल्यावर तोंडघशी पडले असते. तुझी गाडी कधीची आहे?”

“तिकीट काढलेलं नाही मी अजून.”

“मग बघ आजची मिळते का. इथे उगीच खोळंबून काय करणार तू.”

मुलीने साचा नळाखाली धरला, पुसला, डबीत ठेवला. तिच्या वरच्या दातांचे ठसे त्यात नीट उमटले होते. दुसऱ्या कुणालाही तो बसणार नव्हता.

या प्रयोगासाठी बोलवायला चार वर्षांनी आईचा फोन आला होता तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, “तुला अजून चष्मा लागला नाही ना गं?”