आमी

पळस्प्याच्या बिझनेस स्कूलमध्ये मझल मॅडम लीडरशिप शिकवायच्या. पहिल्याच तासाला सांगायच्या, "'आपण' म्हटलं की समोरचा आपल्यात येतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर जातो. तेव्हा शब्द विचार करून निवडा."

उलव्याचा हरेश मात्र प्रेझेंटेशनला उभा राहिला की "आमी असं करू, आमी तसं करू" सुरू करायचा. मॅडम दर वेळी टोकायच्या, "'आमी' असा शब्दच नाही, हरेश. 'आम्ही' म्हण. त्यात ह असतो."

तो हसायचा. "मॅडम, आमच्या गावात 'आमी' म्हटलं का सगलेच आले."

बारा वर्षांनी हरेश त्याच संस्थेचा चेअरमन झाला. स्टाफ कमी करणार अशी कुजबुज सुरू असतानाच मॅडमना त्याच्या केबिनमधून बोलावणं आलं. आपलाच विद्यार्थी आहे, म्हणून त्या निर्धास्त गेल्या. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, आम्ही असं ठरवलंय..."



ह अगदी स्पष्ट होता, आणि शब्दही विचार करून निवडलेला.