सरकारी पाय

सैनिक मंडळाच्या पत्राला लतीफनं उत्तर दिलंच नव्हतं. विचारलं होतं एवढंच, की माजी सैनिकांना मिळालेल्या सोयींचा वार्षिक अहवाल करायचा आहे, तरी सरकारनं दिलेला पाय आपण वापरता काय?

पाय पेटीत होता, चादरीत गुंडाळलेला. एकाहत्तरच्या लढाईत डावा पाय सुरुंगावर गेला, त्याच्या जागी हा मिळालेला. पुण्याच्या दवाखान्यात त्यावर चालायलाही शिकवलं होतं. शहागडात मात्र लतीफ सगळ्यांना सांगायचा, "टोचतो."

खरं कारण सरकारला कसं कळवावं, ते त्याला सुचत नव्हतं. लढाईआधी त्याची बायको रहिमुन्निसा त्याच्या मागून चालायची, गल्लीतल्या सगळ्या बायकांसारखी. मग तो एका कुबडीवर परत आला आणि दुसरा हात तिच्या खांद्यावर आला. रोज संध्याकाळी दोघं गोदावरीपर्यंत शेजारी शेजारी जायची. ती बोलायची. कुणाची शेळी व्याली, कोणत्या जावांनी अबोला धरला. ती इतकं बोलते, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला ठाऊकच नव्हतं. पाय लावला की ती पुन्हा मागं जाणार.

पोस्टमन कडूबा स्मरणपत्र घेऊन आला. "लतीफभाई, साहेबाचा अहवाल तुमच्या पायात अडकून राह्यला. आता कळवलं न्हाई तर 'नको' म्हणून लिहितेत. मंग दुरुस्ती न्हाई, नवा पायबी न्हाई."

तो गेला. रहिमुन्निसा आत बसून डाव्या खांद्याला तेल चोळत होती. त्याचा हात असायचा त्याच खांद्याला.

"घर में एक बार बी पहने नहीं," ती म्हणाली. "फिर चुभता कैसा?"

लतीफनं त्या खांद्याकडे बघितलं. मग त्यानं कार्डावर लिहिलं, 'पाय वापरतो.' आणि पेटी उघडली.

सडकेवरच्या टपालपेटीपर्यंत तो कुबडीविना गेला. आधी अडखळत, मग नीट. पाय टोचत नव्हता. हॉटेलातून कुणीतरी म्हणालं, "वा, फौजी." मागून रहिमुन्निसाच्या चपलांचा आवाज येत होता. मागूनच.

पेटीशी तो थांबला. कार्ड काढलं, पण हात पुढं होईना.

चपला जवळ आल्या. त्याला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला थांबल्या. ट्रकवाले, चहावाले, सगळे बघत होते. तिनं त्याचा मोकळा हात उचलला आणि आपल्या उजव्या खांद्यावर ठेवला.

"ये वाला दुखता नहीं."

लतीफनं दुसऱ्या हातानं कार्ड पेटीत टाकलं.