सीटखालची हवा

व्हॅन तिसऱ्यांदा रस्त्यात तापली, तेव्हा आधार नाना ती टेम्पोला बांधून अमळनेरहून थेट धुळ्याला हिलालच्या गॅरेजवर आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "पाण्याच्या नळ्यांतली हवा तू काढलीच नाही. फसवलं मला."

बावीस वर्षांत हिलालला असं कोणी बोललं नव्हतं. त्याने तणतणत पुढची सीट उचलली. खाली सकाळपासून बंद असलेलं, गार पडलेलं इंजिन होतं. हवा काढायचा स्क्रू त्याने सैल केला.

"बसा नाना. हवा संपेपर्यंत तुम्हीच पाहा."

बुडबुडे आले, थांबले, पुन्हा आले. अर्धा तास झाला तरी संपेनात. रेडिएटरमधलं पाणी मात्र बोटभरही उतरलं नाही.

"एवढी हवा मावतेच कुठं?" हिलाल भडकला आणि त्याने स्क्रू पुरता काढून भोकावर अंगठा दाबला. हवेने अंगठा ढकलला, मग आत ओढला. पुन्हा ढकलला, पुन्हा ओढला. इंजिन गार होतं. हवा कोमट होती.

हिलालने रागारागाने स्क्रू परत लावून गच्च आवळला. रबरी नळी फुगली, बसली, मग भराभर फुगू लागली.

नानांनी त्याचा हात धरला.

"सोड रे भाऊ, श्वास घेऊ दे," ते हळूच म्हणाले. "त्याना जीव घुसमटी राहिना."