मडगार्डवरचे दोन ठोके

गिअरबॉक्स दुरुस्त करून बसवला आणि तेव्हापासून ट्रॅक्टरचा मागचा, अवजारं फिरवणारा पीटीओ शाफ्ट काही फिरेना. बाबा गेल्यावर तिने एकटीने केलेलं हे पहिलंच मोठं काम. तेल पुरेसं होतं, क्लच सुटत होता, लिव्हरही नीट पडत होता.

"बाबांच्या हाताला यश होतं हो, ताई," ट्रॅक्टरमालक म्हणाला आणि चहाला निघून गेला.

तिला हसू आलं. लहानपणी ती मागे शाफ्टपाशी बसायची, बाबा वर सीटवर. शाफ्ट सुरू करणारा लिव्हर ओढण्याआधी ते मडगार्डवर पान्याने दोन ठोके द्यायचे. तिने खालून एक ठोका दिला की समजायचं, हात बाजूला आहेत.

"उत्तराशिवाय ओढायचा नाही," ते म्हणायचे. "मला दोन्ही हातांची पोरगी हवी आहे."

तिने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि मागे वाकून शाफ्ट हाताने फिरवून पाहू लागली.

वर मडगार्डवर दोन ठोके पडले.

इतक्या वर्षांची सवय. काही कळायच्या आत तिच्या उजव्या हातातल्या पान्याने एक ठोका देऊनही टाकला.

डावा हात अजून शाफ्टवरच होता, आणि वर लिव्हर खटकन पडला.